बेहड्याची ढोली

श्रद्धा खालापूरजवळच्या एका शाळेत शिक्षिका. दर रविवारी सकाळी ती कॅमेरा घेऊन कोंडाजीकाकांच्या शेताच्या बांधावर यायची. तिथल्या बेहड्याच्या झाडाला ढोली होती. धनेश पक्ष्याचा नर उंबरं घेऊन यायचा, ढोलीच्या बारीक फटीत चोच घालायचा आणि उडून जायचा. सहा रविवार ती तेच टिपत होती. काका शेजारी येऊन काही विचारू लागले, की ती ओठांवर बोट ठेवायची. पक्षी बिथरेल म्हणून.

सातव्या रविवारी बांधावर झाड नव्हतं. बुंधा आडवा पडला होता, फांद्या बाजूला रचल्या होत्या. श्रद्धाला वाटलं, आपण दुसऱ्याच्याच शेतात शिरलो.

काका गोठ्यातून फडक्याला हात पुसत आले. "बाई, झाड गोठ्यावर कललं होतं. कवा पडंल नेम नव्हता. पर तुमच्या पाखराला धक्का लागू दिला नाय. आज तो चरायला उडाला, मंगच करवतीचं मशीन लावलं."

श्रद्धा मातीतच बसली.

"काका, तो नर. मादी आत आहे."

"आत म्हंजे कुठं?"

"ढोलीत. पिल्लं मोठी होईपर्यंत ती स्वतःला आत लिंपून घेते. तिची पिसंही झडतात, उडता येत नाही. तो तिलाच भरवत होता."

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते गुडघ्यांवर बसले, बुंध्याला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले.

"वाजतंय," ते म्हणाले.

श्रद्धानेही कान लावला. आत चोच आपटत होती.

मशीनला कुणी हात लावला नाही. काकांनी शेजारच्या पांडूला हाक मारली. दोघांनी हातकरवतीने ढोलीच्या वर-खाली लांब अंतर सोडून ओंडका कापला. आणखी चौघे आले. दोर लावून तो बाजूच्या आंब्यावर उभा बांधला. फट मुळात होती त्याच दिशेला, श्रद्धाच्या फोटोंवरून ठरवून.

नर दुपारभर झाडाच्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होता. सगळे गोठ्यात दबून बसले. चार वाजता तो आंब्यावर उतरला, ओंडक्याला कसाबसा लटकला. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि उंबर घेऊन आत गेलं.

श्रद्धाने कॅमेरा उचलला नाही.

"बाई, तुमाला ठाव होतं?" काकांनी विचारलं.

"हो."

"सहा आठवडे?"

"हो."

काका उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

मेअखेरीस मादी लिंपण फोडून बाहेर आली. नंतर एक पिल्लू उडालं. ढोलीत दुसरं वाळून पडलेलं सापडलं. काकांनी ते श्रद्धाला फोनवर सांगितलं, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणीही फोन ठेवला नाही.