चौथ्याचं नाव

"कुनी धाडलं तुमाला?" राधाकिशननं तिसऱ्यांदा विचारलं.

दुष्काळामुळं चौसाळ्याच्या दूध सोसायटीतलं संकलन तासाभरात उरकायचं. फौजेतून निवृत्त झालेला राधाकिशन तिथं राखणदार होता. त्याची बायको कडूबाई दोन तांबे पाण्यात सगळे कॅन विसळत होती. खुर्चीवरच्या तरुण पाहुण्यानं ओळखपत्र पुढं केलं. राधाकिशननं त्याकडं पाहिलंही नाही.

"असली कार्डं बीडमधी कुटंबी छापून मिळतेत."

"हवालदार, मी तुमच्याच तुकडीचा मेजर आहे. आता पोरांच्या हातात ड्रोन आहेत, स्क्रीन आहेत. पण पुढची कामं वेगळी असणार. समोरचा पहिल्याच तासाला सगळे सिग्नल बंद पाडेल. मग चौघांनी न बोलता, न दिसता शत्रूच्या मुलखात पडून राहायचं. ते केलेली माणसं फार उरली नाहीत. तुम्ही अकरा दिवस काढलेत. महिनाभर येऊन पोरांना शिकवा."

"मानूस चुकला तुमचा. मी फौजेच्या लंगरात सैपाकी होतो."

कडूबाईचा हात थांबला. तिलाही त्यानं हेच सांगितलं होतं. पण या सैपाक्याला पीठ मळता येत नाही, हे तिनं त्याच्या पहिल्याच सुटीत पाहिलं होतं. मागं एका दुष्काळात, चारा छावण्यांच्या उन्हाळ्यात, गावाला गढूळ पाणी प्यावं लागलं आणि त्यांची लेक मुक्ता काविळीनं गेली. तार करूनही हा चार महिने आला नाही. आल्यावर कारण विचारलं, तर नुसता खाली बघत बसला. तिकडं यानं दुसरं बिऱ्हाड थाटलंय, हा संशय तेव्हापासून तिच्या मनात ठाण मांडून होता. कुणाजवळ ती बोलली नाही. त्याच्याशीही कामापुरतंच बोलायची.

ती पुढं आली. "साहेब, त्ये अकरा दिस कवाचे? पोर गेली त्या उन्हाळ्यातले का?"

मेजरनं राधाकिशनकडं पाहिलं. "ताई, ते मला सांगता येणार नाही."

"तू मधी पडू नको," राधाकिशन म्हणाला आणि पाहुण्याकडं वळला. "आमच्यातला चौथा, वापस न आलेला. नाव सांगा त्याचं."

"माहीत आहे. पण इथं घेणार नाही."

राधाकिशननं आता ते ओळखपत्र हातात घेतलं.

"घेतलं असतं, तर तुमाला हाकलून दिलं असतं," तो म्हणाला. "कदी निघायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको हायवेवर बीडच्या गाडीची वाट बघत उभे होते. पिशवी कडूबाईच्या हातात होती.

"माझी तार मिळालती का तुमाला?" तिनं विचारलं.

"मिळाली. पर तिकडून वापस आल्यावर. आदी तयारीसाठीच कोंडून ठिवलतं. पोर जाऊन दोन महिने झालते."

"मंग तवा कावून न्हाई आलात?"

राधाकिशन रस्त्याकडं बघत होता. "कोन्त्या तोंडानं आलो असतो?"

गाडी आली. तिनं पिशवी दिली, तो चढला आणि खिडकीशी बसला. त्याच्या कानामागचे केस पांढरेफटक झाले होते. ते कधी झाले, हे कडूबाईला आठवेना. गाडी हलली, तशी ती खिडकीच्या बाजूनं चार पावलं चालत गेली.