केसांतला कापूस

बेबीचा फोन आला तेव्हा मी तो डाव्या कानाला लावला, म्हणून बराच वेळ नुसतीच "हॅलो, हॅलो" करत राहिले. माझा डावा कान गिरणीने खाल्ला. उजवा थोडाफार उरलाय, पण त्याचाही भरवसा नाही. ताईचे तर दोन्ही कान केव्हाच गेले. आम्ही दोघी बहिणींनी शेजारशेजारच्या मागांवर उभं राहून उभा जन्म कापड विणलं. कानाचा मोबदला कुणी दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही, कारण मागितला असता तरी त्या आवाजात ऐकू कुणाला गेलं असतं?

"मावशी, आईसाठी ये आता," बेबी म्हणत होती. "डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या."

बेबी म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी. पन्नाशी उलटली तरी बेबीच. ती चपलांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर परक्यांचे पाय हातात धरायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आईचे पाय चेपायचे. लग्नाचं म्हणाल तर ते झालं आणि मोडलं, त्यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही. मी माझ्या मुलाकडे दुसऱ्या गावात राहते. त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि निघाले.

ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ. केवढीशी झाली होती! आमची ताई म्हणजे एका हाताने कापडाचा ताका उचलणारी बाई, नाकावर माशी बसू द्यायची नाही. आता तिच्या डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता. समोर बोट नाचवलं तरी कळत नव्हतं. कान नाहीत, डोळे नाहीत, आणि डोकंही कधी आज असायचं तर कधी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी. आवाज तर तिने टाकूनच दिला होता. नुसते ओठ हलायचे. गिरणीच्या शेडमध्ये आम्ही असंच बोलायचो, मागांच्या खडखडाटात घसा फोडण्यात अर्थ नसायचा. समोरचीने ओठ वाचायचे की झालं. बेबीला ते कधी आलं नाही, कारण घरी ताई चांगली ओरडून बोलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. बेबी स्वयंपाकघरातून दुधाचा पेला घेऊन आली आणि मागून तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. किती हळुवार ठेवला, मी पाहिलं ना. तरी ताई अंगावर पाणी पडल्यासारखी दचकली. बेबीचा हात झटकला, उठायला धडपडली, आणि दोन्ही हात कमरेच्या उंचीवर हवेत चाचपडू लागले. दूध सांडलं ते सांडलंच.

"बघितलंस?" बेबीच्या हातात रिकामा पेला. "रोजचं आहे हे. माझा हात लागला की विंचू चावल्यासारखं करते. मी प्रेमाने जाते गं तिच्याजवळ. तिला माझा स्पर्शसुद्धा नकोय."

लक्ष माझं ताईच्या हातांकडे होतं. ते हात काय शोधताहेत ते मला कळलं होतं.

"ती माग बंद करतेय," मी म्हणाले.

"काय?"

"मागाचा दांडा शोधतेय. अगं, शेडमध्ये हाक मारून उपयोग नसायचा. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की त्याचा अर्थ एकच, तुझा धागा तुटलाय, माग थांबव. मागून आलेला हात म्हणजे वाईट बातमी. आम्ही तिथं लाडाने कुणाच्या खांद्याला हात लावत नव्हतो."

बेबीने पेला खाली ठेवला. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ एकदा सुटली की धरणं कठीण, हे सगळं घर जाणतं.

"तुझे बाबा गेले ना, त्या दिवशी साहेब स्वतः शेडमध्ये आला होता. त्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. हिने माग बंद केला आणि वाकून तुटलेला धागा शोधायला लागली. तो पुन्हा हात ठेवतोय, ही पुन्हा शोधतेय. सगळे धागे शाबूत. हिला कळेचना की मग तुटलंय काय. शेवटी मी माझा माग सोडून पुढे गेले, तिच्यासमोर उभी राहिले आणि ओठांनी सांगितलं."

बेबीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रोज, किती महिने कोण जाणे, आपण प्रेमाने आईला तीच बातमी देत होतो, हे तिच्या डोक्यात उतरत होतं. मी तिला म्हटलं, "वेडाबाई, तुला काय ठाऊक? मला तरी सुचलं होतं का कधी सांगायचं? आम्हाला ते श्वास घेण्याइतकं सवयीचं. श्वास कसा घ्यायचा हे कुणी कुणाला सांगतं का?"

त्या दिवसापासून बेबी समोरून यायला लागली. आधी जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे ताईला तळव्यांना कळायचं की कुणीतरी आलंय. मग हळूच हात हातात घ्यायचा. ताईचं दचकणं थांबलं. आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं. पण ताईचा हात बेबीच्या हातात नुसता पडून राहायचा. बसमध्ये शेजारच्या परक्या बाईचा हात चुकून लागावा तसा. ती कोण आहे हे त्या हाताला कळतच नव्हतं.

"मला फार काही नकोय गं मावशी," भांडी घासता घासता बेबी म्हणाली. तिची पाठ माझ्याकडे होती, पण उजव्या कानाने मी ऐकलं. "लहानपणी ती कामावरून आली की मी धावत जायचे. ती दारातच दोन्ही हात वर करायची. लांब हो, लांब हो! मग मागच्या बाजूला न्हाणीत जायची, ती तासभर. तोवर मी रुसून झोपलेली असायचे. तिने मला जवळ घेतलेलं मला आठवत नाही. एकदाच घेऊ दे. जायच्या आधी एकदा तिला कळू दे की ही बेबी आहे, आणि घेऊ दे जवळ. मग जाऊ दे तिला."

मी भांडी पुसत राहिले.

दुपारी मी ताईजवळ बसून होते. ती पांघरुणावरून काहीतरी वेचत होती. चिमटीत धरायचं, बाजूला टाकायचं. मी वाकून तिचं पांघरूण सारखं केलं, तर तिचा हात माझ्या भुवईवर आला. तिथून तिने काहीतरी काढलं. मग कानाजवळून. मग कपाळावरच्या केसांतून. माझे हात आपोआप तिच्या डोक्याकडे गेले आणि मीही वेचायला लागले. दोन म्हाताऱ्या माकडिणी बसल्यात म्हणा ना. मला हसूही आलं.

बेबी दारात उभी राहून पाहत होती. दुकानातून आली की ती घरात डोक्याला रुमाल बांधायची. मला वाटायचं, केस गळतात म्हणून असेल.

"तुझ्याशी बरी खेळते," ती म्हणाली. आवाजात पन्नाशीची बाई नव्हती, सहा वर्षांची पोर होती. "माझे केस उपटते. मी डोकं जवळ नेलं की ओढायलाच लागते. सदा न् कदा माझ्यात काहीतरी खोट काढायचीच हिला. म्हणून तर हा रुमाल बांधते. डॉक्टर म्हणाले, शेवटी शेवटी करतात माणसं असं. अर्थ नसतो त्याला."

"डॉक्टर कधी शेडमध्ये उभा होता?" मी एकदम भडकले. डॉक्टरवर नाही, आणि बेबीवर तर नाहीच. कुणावर ते मलाही सांगता येणार नाही. "इकडे ये. बस इथं. सोड तो रुमाल."

आणि मी तिला सांगितलं. शेडमध्ये कापूस उडायचा. केसांत, भुवयांत, पापण्यांवर, नाकात. पाळी सुटायला आली की आम्ही सगळ्याजणी भुतासारख्या पांढऱ्या. मग भोंगा झाला की दोघी-दोघींनी समोरासमोर बसायचं आणि एकमेकींच्या डोक्यातला कापूस वेचायचा. माझी जोडी ताईशी. मी पटापट उरकायची, मला घरी जायची घाई. ताई मात्र हात धरायची माझा. ओठांनी म्हणायची, "नीट वेच. घरी पोर आहे."

"का?" बेबीने विचारलं.

"का म्हणजे? तुला दमा होता ना लहानपणी? डॉक्टरने सांगितलं होतं, कापसाचा एक तंतू छातीत गेला तर पोर रात्रभर तळमळेल. म्हणून ती दारात लांब हो म्हणायची. म्हणून ती तासभर न्हाणीत असायची. डोकं खसाखसा धुवायची, सालटं निघेपर्यंत. तुला जवळ घेता यावं म्हणून चाललेलं असायचं ते सगळं. आणि बाहेर यायची तर तू झोपलेली. मग उशाशी बसायची. तुला उठवायची नाही."

"मला कुणी सांगितलं का नाही?" बेबी म्हणाली. मला वाटतं सांगितलं असेल, पण सहा वर्षांच्या पोरीला दमा कळतो थोडाच, तिला दारातले दोन हातच दिसतात.

ती उठली. कपाटातून कापसाची गुंडाळी काढली. ताईच्या पाठीला जखम झाली होती, तिच्या मलमपट्टीसाठी आणलेली होती ती. बेबीने कापूस हातांनी पिंजला, अगदी बारीक, आणि रुमाल सोडून केसांत पेरला. भुवयांना लावला. कानांच्या पाळ्यांवर लावला. मग ती जमिनीवर पाय आपटत आली, ताईसमोर गुडघ्यांवर बसली, दुकानात बसते तशीच, आणि आईचे दोन्ही हात उचलून तिने आपल्या डोक्यावर ठेवले.

बोटं क्षणभर थांबली. मग चालायला लागली.

काय सांगू तुम्हाला, त्या हातांत जीव आला! पेला धरता येत नव्हता त्या बोटांना, पण एकेक तंतू कसा अचूक चिमटीत येत होता. कपाळावरून सुरुवात, मग भांग, मग कानामागे. मान हळूच वळवायची, हनुवटी दोन बोटांनी वर करायची, पापणीवर फुंकर घालायची. बेबीचे डोळे मिटलेले आणि गालांवरून पाणी चाललेलं. पापणीवरचा ओला कापूस ताईने अंगठ्याने अलगद पुसून काढला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा आईने तिचा चेहरा हातात धरला होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि जागचं हलवत नव्हतं.

मग ताईने आपलं डोकं पुढे वाकवलं. आता तुझी पाळी, म्हणून. तिच्या डोक्यात कापूस कुठला? पांढरे विरळ केस तेवढे. पण बेबी वेचायला लागली. नसलेला कापूस, एकेक करून, मुळीच घाई न करता. ताईने मान आणखी खाली घातली, बेबीच्या खांद्यावर टेकवली. तिचा चेहरा माझ्याकडे होता. ओठ हलले.

"काय म्हणाली?" बेबीने मान न वळवता विचारलं. "मावशी, बोलली ना ती काहीतरी? काय म्हणाली?"

मी खोटं बोलू शकले असते. तुझं नाव घेतलं म्हणाले असते, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"मला म्हणाली," मी सांगितलं. "तू म्हणजे मी आहे असं वाटतंय तिला. म्हणाली, धाकटे, नीट वेच गं. झालं की लगेच निघू. बेबी दारात उभी असेल."

बेबीचे हात थांबले. ताईने डोकं जरा हलवलं, वेच, वेच, थांबू नकोस, अशा अर्थाने. बेबी पुन्हा वेचायला लागली.

"तिला सांग ना," ती म्हणाली. हुंदका अडवून अडवून बोलत होती. "मावशी, तुम्हा दोघींना शेडमधल्या सगळ्या खुणा येतात ना? हाताने सांगायच्या? तिला सांग ना, बेबी इथंच आहे म्हणून. तिच्याजवळच आहे म्हणून. आता घे म्हणावं जवळ."

मी ताईचा हात हातात घेतला. आमच्याकडे हातावर सांगायच्या किती खुणा होत्या! धागा तुटला, मागातला धोटा बदल, साहेब आला, पाणी पाज, भोंगा झाला. एकेक आठवून पाहिली. पुन्हा आठवून पाहिली.

बेबी आलीय, अशी खूण आमच्याकडे नव्हती. पोरांना शेडमध्ये यायला मनाई होती, त्यामुळे ती खूण कधी लागलीच नाही.