बडगी एका घरी, मुसळ दुसऱ्या घरी

मित्रांनो, मी एक जुनी बडगी आहे. शहरातली मुलं विचारतील, बडगी म्हणजे काय? तर भरताची भाजलेली वांगी ज्यात ठेचतात, ते लांबट, खोलगट लाकडी भांडं. धरणगावजवळच्या एका खेड्यात, भिकुबाईच्या घरी माझं आयुष्य गेलं.

सुताराने माझं पोट कोरलं तेव्हा मी फार रडले. पुढे मुसळाचे दणके सुरू झाले. त्यात हिरवी मिरची नि लसूण! अंगाची नुसती आग व्हायची. "मेल्या, हळू की रे!" असं मी मुसळाला रोज म्हणायचे. पण थंडीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात, भिकुबाई ती माझ्यात ठेचायची, आणि तिची मुलं, रुपचंद आणि धाकटा योगेंद्र, एकाच ताटात बोटं चाटत जेवायची. "भिकुबाईना हातले काय चव शे!" असं गाव म्हणे. त्यातलं थोडं कौतुक माझंही होतं हो!

मग भाऊ वेगळे झाले. शेत वाटलं, घर वाटलं, म्हशी वाटल्या. कोणी ब्र काढला नाही. अडलं ते माझ्यापाशी.

"बडगी मी लिसू," योगेंद्र म्हणाला.

"मंग मुसळ मी लिसू," रुपचंद म्हणाला.

दोघेही हट्टाला पेटले. अशी वाटणी कुणी ऐकली आहे का? भरीत दोघांच्याही घरी होईना, आणि बोलणंही बंद पडलं.

भिकुबाई योगेंद्रकडे राहिली. त्याच्या बायकोने, सारिकाने, एकदा मिक्सरमध्ये भरीत केलं. म्हातारीने ताट सरकवलं. म्हणाली, "दोन्ही भाऊ एक पंगतमा बसतीन, तव्हयच मी भरीत खासू." योगेंद्र दर हिवाळ्यात म्हणायचा, "पुढला साल बलावसू भाऊले."

मी गोठ्यात पडून होते. आधी वाटलं, सुटले बाई दणक्यांतून! पण तेल नाही, वांगं नाही. कोरडी पडून मला भेग गेली. एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. तेव्हा कळलं, ते घाव होते म्हणून मी बडगी होते.

गेल्या मार्गशीर्षात भिकुबाई वारली. दिवसकार्य आटोपलं आणि रुपचंद मुसळ खांद्यावर घेऊन अंगणात उभा राहिला. योगेंद्रने मला धुऊन आणलं. दोघे रडत रडत वांगी ठेचत होते. भेगेतून कळ आली, पण मी "हळू" म्हटलं नाही. पहिलं ताट भिकुबाईच्या फोटोपुढे ठेवलं. फोटो कुठे जेवतो, मित्रांनो?

योगेंद्र आता पहिल्यासारखा राहिला नाही. परवा शेजारी चुडामण आणि त्याच्या भावात वाटणीवरून जुंपली, तेव्हा तो मला खांद्यावर घेऊन तिथे गेला. माझी भेग दाखवून म्हणाला, "वाटा रे भो, बठ्ठं वाटा. पन तुमनी माय आजून जित्ती शे. पहिले तिन्हासंगे जेवाले बसा."

त्या घरी चूल पेटली. त्यांची म्हातारी माय दोन्ही लेकांच्या मधे बसून बोटं चाटत जेवली. योगेंद्र दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्याने घास घेववला नाही.

मित्रांनो, माझी भेग आता बुजायची नाही. तुमच्या घरात कुणाचा अबोला असेल, तर 'पुढच्या वर्षी' म्हणू नका. आजच हाक मारा.