मला तेल घालू नका

मी सायकल बोलतेय. बोलतेय कसली, करकरतेय. मधुर आवाजाची हौस असेल त्यांनी पुढे जावं, वरच्या अंगाला मारिअम्मनच्या देवळात चांगली घंटा आहे. मी डूख धरून बसले आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझा सांगाडा भारतातून बोटीने आला, चाकं कँडी शहरातल्या एका दुकानात बसली. पहिला मालक तालावाकेलेचा एक मास्तर होता. त्याने मला मोठ्या हौसेने विकत घेतलं, पण पहिल्याच चढाला त्याला धाप लागली. त्यानंतर मी त्याच्या ओसरीत उभी राहून त्याचे लुंगीसारखे सारोंग वाळवत असे. चहाच्या डोंगरात सायकल जितकी चालवावी लागते त्याच्या दुप्पट ढकलावी लागते, हे त्या शिकलेल्या माणसाच्या बायकोला आधी कळलं. तिनेच मला मरुदमुत्तूला देऊन टाकलं.

मरुदमुत्तू पाववाला. त्याने माझ्या कॅरिअरवर पत्र्याच्या झाकणाची लाकडी पेटी बसवली. भल्या सकाळी खालच्या बाजारातल्या भट्टीतून गरम पाव आणि मासळीचे बन घ्यायचे, आणि मला ढकलत वर मळ्यावर, मजुरांच्या खोल्यांच्या लायनींपर्यंत आणायचं. पाठीला टोपल्या अडकवलेल्या बाया माझ्या घंटीची वाट बघत दारात उभ्या असायच्या. पेटीतली ती ऊब मला अजून आठवते. मरुदमुत्तू उतारावर गाणी म्हणायचा, अगदी बेसूर. पण त्याने कधी मला पावसात उभं केलं नाही. रात्री अंगावर पोतं टाकल्याशिवाय तो झोपत नसे.

माझ्या मागच्या मडगार्डवर तांबड्या काचेचा डोळा आहे. त्यामुळे पुढे जाताना मी मागचंच बघत असते. मागचं विसरणं मला जमत नाही, ते यामुळेच असेल.

त्या सकाळी धुकं होतं. मोरीजवळच्या वळणावर मरुदमुत्तू मला ढकलत होता, आणि मागून एक व्हॅन आली. हॉर्न नाही की दिवा नाही. व्हॅन कदिरेसनची होती. कदिरेसन म्हणजे मरुदमुत्तूच्या बायकोचा सख्खा भाऊ. बायको वारल्यावरही याच घरी जेवायला येणारा, ताटात दुसऱ्यांदा खोबऱ्याचं सांबोळ मागून घेणारा. व्हॅनने आम्हा दोघांना उडवलं. मी कठड्याला आपटले, मरुदमुत्तू गटारात पडला, पाव रस्ताभर झाले.

अपघात कुणाच्याही हातून होतो. त्याबद्दल मी डूख धरला नसता. पण कदिरेसन खाली उतरला, त्याने वाकून मेव्हण्याचा चेहरा पाहिला, इकडेतिकडे धुक्यात पाहिलं, आणि पुन्हा व्हॅनमध्ये बसून निघून गेला. मरुदमुत्तू गटारात बेशुद्धीत कण्हत होता आणि कुत्री आमचे पाव खात होती. धुकं विरल्यावर कदिरेसन परत आला, पहिल्यांदाच येत असल्यासारखा. "अरे मच्चान, हे काय झालं रे," म्हणून गळा काढला, मेव्हण्याला उचलून व्हॅनमध्ये घातलं आणि इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणलं असतं तर पाय वाचला असता.

मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. कदिरेसन म्हणाला, "मी लांबून पाहिलं ना, चहाच्या पानांची लॉरी होती. तो सिंहली ड्रायव्हर, सुमनपाल." लायनीतली पोरं पेटली. त्यांनी सुमनपालला गाठून नाक फोडलं, मळ्याने त्याला कामावरून काढलं. पोलिसांना धुक्यातली साक्ष पुरेशी वाटली नाही, म्हणून खटला काही उभा राहिला नाही. आणि जी एकटी साक्षीदार होती, तिला पोत्याखाली उभं करून ठेवलं होतं.

कदिरेसनने मला दुरुस्त करून आणलं. नवं मडगार्ड बसवलं, तांबडा डोळा पुसून परत लावला. त्याचे हात माझ्या अंगावरून फिरत होते तेव्हा चाकाच्या प्रत्येक तारेने मला त्याची बोटं कापावीशी वाटत होती.

पाव घालायचं काम मरुदमुत्तूच्या मुलीवर आलं. तिचं नाव तंगेश्वरी. बाया तिला चिडवायच्या, "काय गं तंगा, पेटीत पाव आहेत की नवरा लपवलायस? एवढी दमतेस ती?" ती म्हणायची, "नवरा असता तर त्यालाच ढकलायला लावलं नसतं का?" बाया हसायच्या. घरी आल्यावर मात्र बापाच्या रिकाम्या लुंगीकडे बघून तिचं हसणं संपायचं. एक दिवस ती म्हणाली, "अप्पा, कोर्टात नाही झालं ना? मग मी काळीअम्मनकडे नारळ फोडते."

आमच्या डोंगरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. हा नवसाचा नारळ नव्हे, शापाचा. पुसल्लावा गावाच्या खाली काळीअम्मनच्या देवळात काळा दगड आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या घरच्याने एकट्याने जायचं, सोबत कुणी न्यायचं नाही. वाटेत नारळ जमिनीला लागता कामा नये. अपराध्याचं नाव घेऊन एका दणक्यात फोडायचा. आणि नाव चुकलं, तर शाप उलटून फोडणाऱ्याच्याच डोक्यावर बसतो.

"नीट विचार कर गं," सेल्लम्मा आजी तिला म्हणाली. लायनीतली सगळ्यांत म्हातारी ती. "डोळ्यांनी पाहिलंयस का तू सुमनपालला?"

"मामाने पाहिलंय," तंगा म्हणाली.

आमच्या उंचीवर नारळ होत नाहीत, ते खालच्या मुलखातून येतात. मामानेच मोठ्या उत्साहाने बाजारातून नारळ आणला, दुकानदाराने काथ्याने तोंड बांधून दिलेल्या पिशवीत. "तूच काढ गं बाहेर," तो म्हणाला, "माझे हात ग्रीसचे आहेत."

निघण्याआधी लायनीतल्या प्रत्येकाने नारळाला हात लावायचा असतो. निर्दोषाला तो साधा नारळ, पण ज्याने केलं त्याला शाप तिथेच धरतो, असं आमच्याकडे मानतात. म्हातारेकोतारे आले, बाळंतिणींनी तान्ह्यांचे हात लावले, मरुदमुत्तूने अंथरुणातून हात लांबवला. कदिरेसन माझ्या चाकात हवा भरत बसला होता. मघाच भरून कडक झालेल्या चाकात.

"मामा, तू?" तंगाने विचारलं.

"अगं, मीच नाही का आणला? माझा हात तर सगळ्यांच्या आधी लागलाय."

खाई त्याला खवखवे. तांबड्या डोळ्याने मी सगळं बघत होते, पण पोरीचं लक्ष पुढच्या वाटेकडे होतं.

ती निघाली. पेटीत पिवळ्या फडक्यावर नारळ, हँडलला रोटीची पुरचुंडी. नुवरा एलियापर्यंत तिने मला ढकललं. दोन्ही बाजूंना चहा, त्यात वाकलेल्या बायांची डोकी. कुणी हाक मारली तरी ती थांबत नव्हती. कोबीचे ट्रक आम्हाला घासून जात होते. घाट संपून रंबोड्याचा उतार लागला तेव्हा ती पहिल्यांदा सीटवर बसली. वारा तिच्या कानात भरला असेल, कारण ती स्वतःशीच मोठमोठ्याने बोलायला लागली. सुमनपालचं नाव घेऊन ती शिव्यांची तालीम करत होती.

मला पोरीची भीती वाटत होती. चुकीचं नाव तोंडात घेऊन ती काळीअम्मनपुढे उभी राहणार, बापाचा पाय गेलाच होता, आता शाप हिच्यावर उलटणार, आणि खरा चोर घरी बसून सांबोळ खाणार. मी घंटी वाजवून काय सांगणार?

तेवढ्यात खालच्या वळणावर मला तो दिसला. नोकरी गेल्यावर टाकलेल्या पंक्चरच्या टपरीपुढे उकिडवा बसलेला, नाक डावीकडे वाकलेलं. सुमनपाल. मी समोरचा सगळ्यांत टोकदार दगड निवडला आणि मागच्या चाकाने त्यावर अंग टाकलं. लोक म्हणतील योगायोग. म्हणोत.

तंगा उतरली, आणि तिने त्याला ओळखलं. तिचा चेहरा उतरला, मग तापला. पण चाक बसलं होतं आणि जवळपास दुसरी टपरी नव्हती.

सुमनपालने पेटीचं उघडलेलं झाकण पाहिलं, पिवळ्या फडक्यावरचा नारळ पाहिला. आमच्या डोंगरात राहिलेला माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये तो म्हणाला, "माझ्या नावाचा आहे?"

"हो," तंगा म्हणाली.

"मग पंक्चर मी नाही काढत. सामान तिथे आहे, तुझं तू काढ. सायकल आडवी करावी लागेल, नारळ खाली ठेवता येणार नाही. दे इकडे, मी धरतो."

ती बघतच राहिली. त्याने पुढे होऊन पेटीतून नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाकावर बसला. शेजारच्या हॉटेलातल्या बाईने त्याच्यापुढे कोऱ्या चहाचा पेला आणि गुळाचा खडा आणून ठेवला. हात गुंतलेले, तो चहा तसाच निवत राहिला. तंगाने ट्यूब काढली, घासली, चिकटवली. मध्येच ती त्याच्या हातांकडे बघे. ते जराही हलत नव्हते.

"घाबरत नाहीस?" तिने विचारलं.

"कशाला घाबरू? मी केलंय का?" तो म्हणाला. "तू मला एक सांग पोरी. तुझ्या मामाने लॉरी पाहिली, म्हणजे तो तिथेच होता. मग तुझा बाप धुकं जाईपर्यंत गटारात का पडला होता?"

तंगाचे हात थांबले. मला तिचा विचार ऐकू आला असं नाही म्हणत, पण तिने ज्या डोळ्यांनी माझ्या नव्या मडगार्डकडे पाहिलं ते मी ओळखलं. काथ्याने बांधलेली पिशवी. ग्रीसचे हात. आधीच भरलेल्या चाकात हवा भरणारा माणूस.

तिने चाक बसवलं, पुढे झाली आणि त्याच्या हातातून नारळ घेतला. "अय्या, चहा गार झाला तुझा," ती म्हणाली. अय्या म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ.

देवळात पुजाऱ्याने विचारलं, "नाव?"

तंगा दगडापुढे जाऊन उभी राहिली. डोळ्यांनी तिने काहीच पाहिलं नव्हतं, आणि खोटं नाव काय करतं हे तिला माहीत होतं. मी दाराबाहेर झाडाला टेकून ऐकत होते. मग तिने नारळ डोक्यावर उचलला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ज्याने या नारळाला हात लावायचं टाळलं, त्याच्या हातात गाडीचं स्टिअरिंग टिकू नये."

एका दणक्यात फुटला. पाणी माझ्या पुढच्या चाकापर्यंत उडालं. इतकं थंड, इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोबीच्या रिकाम्या ट्रकमध्ये घालून तिने मला परत आणलं. कदिरेसन मोरीच्या वळणावरच वाट बघत होता. "घेतलंस ना गं नाव? काय म्हणालीस?"

तिने शब्द न् शब्द सांगितला. त्याने आपले हात उलटेपालटे करून पाहिले.

त्यानंतर त्याने व्हॅन काढली की त्याची बोटं कापू लागत. एकदा कठड्याला घासली, एकदा मधेच बंद पडली आणि लोकांनी ढकलून बाजूला लावली. लायनीत बाया त्याच्याकडे बघून बोलणं थांबवू लागल्या. शेवटी तो मरुदमुत्तूच्या दारात येऊन बसला आणि सगळं ओकला, अगदी गटारासकट. लायनीतली माणसं गोळा झाली होती. ज्या पोरांनी सुमनपालचं नाक फोडलं होतं ती खाली बघत होती. पुढे ती पोरं सुमनपालला परत आणायला गेली, पण तो म्हणाला, मला माझी टपरी बरी.

मरुदमुत्तूने आपली लुंगी सारखी केली. मग म्हणाला, "वळणावर हॉर्न तरी वाजवायचास, मच्चान." आणि पुढे, "उद्यापासून पाव तू घालून ये. पोरीला शिवणाच्या वर्गाला जाऊ दे."

हा त्याचा न्याय. माणसांना एका ताटात जेवायचं असतं, म्हणून ती विसरायला शिकतात. तंगा त्याला अजून मामा म्हणत नाही, पण परवा तिने त्याला चहा दिला. मी लोखंडाची आहे, मला चहा द्यायचा नाही कुणाला.

आता रोज सकाळी कदिरेसन मला ढकलतो. हँडल मी त्याला धरू देते, मला तो हवाच आहे. मोरीच्या वळणावर मी बरोब्बर त्या जागी चेन टाकते. गटाराकाठी गुडघे टेकून त्याला ती बसवावी लागते, बोटं काळी होतात, आणि मी तांबड्या डोळ्याने जवळून त्याचा चेहरा बघते. परत येताना त्याच जागी ब्रेक असा किंचाळतो की मळ्यातल्या बाया मान वर करून म्हणतात, "गेला बघ कदिरेसन."

काल मरुदमुत्तू अंथरुणातून ओरडला, "अरे मच्चान, बाटली तिथेच आहे, तेल घाल त्या सायकलीला. किती रडते." कदिरेसन बाटलीपर्यंत गेला. मग त्याने ती जागच्या जागी ठेवली आणि माझ्यावर पोतं टाकलं.

त्याला कळलंय. तुम्हीही ऐका, एवढंच मागणं आहे. कधी या रस्त्याने आलात, माझा आवाज ऐकून कीव आली, तरी मला तेल घालू नका.