नदीकडे पाठ

मी चित्रकलेचा एक कागद बोलतोय. साल चौऱ्याऐंशी होतं की पंच्याऐंशी, हे खात्रीनं सांगवत नाही. मार्च होता, एवढं नक्की. निदान मला तसं वाटतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, नदीच्या डोहाकाठी नंदकुमारांनी मला फळीवर चिमट्यांनी बसवलं. ते अंधेरीच्या एका कापडछपाई कारखान्यात रंग जुळवायचे. ट्यूबलाइटखाली त्यांनी जुळवलेला हिरवा उन्हात भलताच निघाला आणि माल परत आला. जोडीदार जयवंत सगळ्यांदेखत म्हणाला, "नंद्या, लाल-हिरवा कळतो ना रे? का सिग्नलपण अंदाजानंच ओलांडतोस?" सारे हसले. साहेब हसले नाहीत. "सोमवारी डोळे तपासून या," म्हणाले.

म्हणून हा रविवार. स्वच्छ उन्हात दिसेल तेच रंगवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. झाडाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा झाडाकडे. माझी पाठ नदीकडे. मला दिसत होता फक्त त्यांचा चेहरा. पाणी, करडे खडक, हिरवी दाटी आणि मधोमध एक लालभडक झाड माझ्यावर उतरलं.

घरी बायकोनं, उत्तराबाईंनी, मला खिडकीपाशी धरलं.

"पांगारा फुललाय का हो?"

"फुलं नाहीत. पानं आहेत."

त्या मला खाली ठेवत हळूच म्हणाल्या, "लाल पानं? खरं सांगा हं, नीट दिसतं ना तुम्हाला?"

सोमवारी ते तपासायला गेलेच नाहीत. रजा टाकली आणि ती वाढवत राहिले. तिसऱ्या रविवारी दोघं मला घेऊन डोहावर गेले.

"हिरवं आहे हो," उत्तराबाई म्हणाल्या.

"मलाही हिरवंच दिसतंय. मग तेव्हा मी काय बघितलं?"

त्यांनी स्वतःच पॅकिंगमध्ये बदली मागून घेतली. कुंचला पुन्हा धरला नाही. मी कपाटामागे गेलो, तोंड भिंतीकडे. साक्ष देणार तरी कशी? झाड मी पाहिलंच नव्हतं. कुंचलाच चुकून लाल रंगाच्या वडीत बुडाला असेल, असंही कित्येकदा वाटलं.

ते निवृत्त झाल्यावर सून क्षमानं मला बाहेर काढलं. ती मुलुंडला वनस्पतिशास्त्र शिकवते.

"बाबा, हे झाड कुठं बघितलंत? झकास उतरलंय!"

"बोरिवलीच्या डोहावर," बाबा म्हणाले.

आता मी भिंतीवर आहे. माझ्यावर ऊन येऊ देऊ नका. माझा लाल आधी उडेल.

मला बाहेर काढल्यानंतरच्या मार्चमध्ये क्षमा त्यांना डोहावर घेऊन गेली. ते झाड कुसुमाचं, म्हणजे कोशिंबाचं आहे. त्याची कोवळी पालवी लालभडक असते आणि दोन-तीन आठवड्यांत हिरवी होते.