मागच्या रांगेतलं मंगलाष्टक

लग्नात मंगलाष्टकं म्हणणं हा उज्वलाचा धंदा. नांदेड-लातूरकडच्या कार्यालयांत तिचं नाव चालतं. शिकवण्याही ती घेते, पण नाखुशीनंच. येणाऱ्या बहुतेकांना गाणं नको असतं, टाळ्या हव्या असतात.

मुखेडच्या शिवगंगाताई त्यातल्या नव्हत्या. नवऱ्यामागं त्या किराणा दुकान चालवत. दर गुरुवारी माल आणायचं निमित्त सांगून एसटीनं नांदेडला यायच्या आणि आधी उज्वलाच्या पेटीसमोर बसायच्या. मुलीच्या, अक्षराच्या लग्नात एक मंगलाष्टक आपण म्हणायचं, एवढंच त्यांना हवं होतं. कडवं त्यांनी स्वतः रचलं होतं आणि त्यात गेलेल्या नवऱ्याचं, वीरभद्रचं नाव गुंफलं होतं.

आवाज बरा होता, पण सासरी आल्यापासून दबलेला. श्वास छातीतच अडायचा. रस्त्यावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, असं उज्वला पुन्हा पुन्हा बजावायची. हिवाळा सरता सरता आवाज खरंच खोलीबाहेर पडू लागला. उज्वलाला त्याचा मनापासून अभिमान वाटायचा; दाखवायची मात्र नाही, शिष्य शेफारतात.

लग्न तोंडावर आलं तेव्हा ताईंनी थोरल्या दिरांना, धोंडप्पांना विचारलं. माणूस वाईट नव्हता. विधवेनं अक्षतांच्या वेळी पुढं येऊन माईक धरला तर पाहुणे नावं ठेवतील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बाईला कमी लेखू नका म्हणणारी लिंगायत शरणांची वचनं त्यांच्या बैठकीत फ्रेम करून लावलेली आहेत. तिथं ती छान दिसतात. मंगलाष्टकांसाठी त्यांनी नांदेडची नावाजलेली बाई ठरवून टाकली होती, आणि ती बाई उज्वलाच निघाली.

उज्वला नकार कळवायला निघाली होती. ताईंनीच अडवलं.

"नका मॅडम. दुसरी कोणी आली तर माझं कडवं म्हणणार न्हाई. तुम्हीच म्हणा."

लातूरच्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला. ताई पार मागं, शेवटच्या खुर्च्यांच्याही पाठीमागं उभ्या होत्या. उज्वलानं नेहमीची कडवी म्हटली, मग ताईंचं धरलं. वीरभद्रच्या नावाशी आली आणि मुद्दाम थांबली. गळ्याला हात लावून खोकली. माईकमुळं तो खोकला सगळ्या कार्यालयानं ऐकला. लोक अक्षता मुठीत धरून ताटकळले, लग्न लावणारे स्वामी घड्याळ बघू लागले, धोंडप्पा पुढं म्हणा म्हणून खुणावू लागले. उज्वलानं नुसती मान हलवली. पुढचे शब्द तिथं आणखी एकाच माणसाला येत होते.

मग मागून नाव आलं. माईक नव्हता, सूर किंचित उतरलेला होता, पण ताई शेवटच्या ओळीपर्यंत कुठंही अडल्या नाहीत. अंतरपाटाआडून अक्षरानं वळून बघितलं. सावधान झालं, अक्षता पडल्या. उज्वलाला रडू आलं. तिनं ते खोकल्यात खपवलं.

पंगतीत धोंडप्पा पाहुण्यांना सांगत होते की त्या बाईचा घसा गेलाय, पुढच्या कार्याला दुसरी बघा. लातूरकडची लग्नं आता गेली, हे उज्वलाला कळत होतं. ती पेटी बांधत असताना ताई गरम पाण्याचा गिलास घेऊन आल्या. डोळे लाल झाले होते.

"मला शिकवून शिकवून गळा बसला बघा तुमचा," त्या म्हणाल्या. "आता आठ दिस बोलू नका."

उज्वलानं आज्ञाधारकपणे मान डोलावली आणि पाणी पिऊन टाकलं.