हॉर्न ऐकला की खाली

आमच्या आलापल्लीत लेकरू चालाले लागलं की त्याले दोन गोष्टी शिकवा लागतात. एक, चुलीजवळ जायचं नाई. दुसरी, हॉर्न ऐकला की रस्त्याच्या खाली उतरायचं. चुलीचं नाई ऐकलं तर हात भाजते. रस्त्याचं नाई ऐकलं तर माझ्या घरधन्यासारखं होते. गोपाल धानाच्या बांधीतून सायकलनं घरी येऊन राह्यला होता. मागून खदानीचा ट्रक हॉर्न देत आला. आन हा बाप्पा म्हने, रस्ता काय ट्रकच्या बापाचा आहे? त्या दिवशी असं म्हनला का नाई ते मले मालूम नाई, पन एरवी रोज म्हने. म्हनून मी समजून घेतलं.

तेव्हापासून मी त्याच रस्त्याच्या काठाले पोह्याची टपरी लावते. खानारे कोन? ट्रकवालेच. लोक म्हनतात, कांताले लाज कशी नाई वाटत. वाटते न. सकाळी वाटते, दुपारी वाटते, आन दोन पोट्ट्यांले जेवाले वाढतानी जराशी कमी वाटते. ज्याले बोलायचं असन त्यानं एक दिवस माझं घर चालवून दाखवावं.

माझी मोठी पोट्टी दिव्यानी. आठवीत तिले शाळेतून सरकारी सायकल भेटली. तिनं सायकलीले हळद-कुंकू लावलं, हँडलले झेंडूचं फूल बांधलं. मी म्हनलं, पूजा मंग कर, आधी उतरनं शीक. टपरीमागच्या मोकळ्या जागेत ती सायकल चालवे, आन मी तिच्या मागं उभी राहून तोंडानं हॉर्न वाजवो. पोंऽऽ! पोट्टी टुनकन खाली मुरमात. जरासाक उशीर झाला का मी ओरडो, "मेलीस! पुन्हा!" लहानी रंजीता टाळ्या पिटे. ट्रकवाले पोहे खाता खाता हासत. हासा बाप्पा, म्हनलं, तुमच्यासाठीच शिकवून राह्यली.

अशी शिकवली का झोपेतही तिच्या कानात हॉर्न गेला तर ती खाटेवरून पाय खाली टाके. खरं सांगते. रस्त्यावरून गाडी गेली का हिचा पाय भुईवर.

माझ्या टपरीले लागून शफीभाऊचं सायकलीचं दुकान. पंचर काढनं, रिम सरळ करनं, दिवसभर खटखट. दिव्यानी घाटाच्या पलीकडं माझ्या भावाच्या गावाले जाये आन कॅरियरवर तांदळाचं अर्धं पोतं बांधून घाट चढून परत येये. भले भले गडी त्या चढावर सायकल हातात धरून पायी चालतात. ही बसूनच येये. एक दिवस शफीभाऊ हातातला पाना ठेवून तिच्याकडं पाहतच राह्यला.

"भाभी," तो मले म्हनला, "इस पोट्टी के पैर में जान है. मी हिले असं वाया जाऊ देनार नाई."

"जान आहे तर धान लावाले नेते न मी," म्हनलं.

पन तो ऐकनारा मानूस नव्हे. नागपूरहून कोनाची तरी टाकलेली रेसची सायकल घेऊन आला. पातळ टायर, वाकडं हँडल. सहा महिने तिले जुने पार्ट लावत बसला. त्याची घरवाली कनीज म्हने, एवढं लक्ष घरच्या नळाकडं दिलं असतं तर बाथरूमात पानी राह्यलं असतं. सायकल तयार झाली तशी पोट्टीनं तिच्यावर टांग टाकली आन गेली. मी पाहतच राह्यली. गोपालची पोरगी, आन अशी जाऊन राह्यली! मनातल्या मनात मी दृष्ट काढली.

मंग समजलं का नागपूरले सायकलवाल्या पोरींचं होस्टेल आहे. खानं, राहनं, शिकनं सगळं तिथीच. आलापल्लीच्या घाटात शर्यत होनार, आन पहिल्या दोघींले तिकडं नेनार. वयाची अट होती. दिव्यानीचं हे शेवटचंच वर्ष बसत होतं. हुकलं का हुकलं.

शफीभाऊनं तिले सांगितलं, "तिथी एक गोल रस्ता आहे बेटा. त्याच्यावर फक्त सायकली चालतात. ट्रक नाई, मोटार नाई. हॉर्न नाई."

"एकही नाई?" तिनं इचारलं.

"एकही नाई."

त्या रात्री जेवतानी ती मधातच थांबली आन म्हनली, "आई, हॉर्नच नाई म्हन्ते वो." मी म्हनलं, जेव. मले मेडल नको होतं, पेपरात फोटो नको होता. ह्या रस्त्यानं माझा एक मानूस खाल्ला होता. दुसरं मानूस त्याच्या तोंडातून काढून दूर कुठीतरी ठेवाचं, एवढंच मले पाहिजे होतं. देवाजवळ दुसरं काही मांगितलं असन तर जीभ झडो.

मंग घाटात सराव सुरू झाला. चढतानी मागून ट्रक आला का ही खाली उतरे, धूळ बसली का पुन्हा वर चढे. शफीभाऊचं डोकं फिरे. त्यानं तिले दहांदा सांगितलं, "शर्यतीच्या दिवशी ट्रक बंद राहनार. डांबर सोडायचं नाई. त्या दिवशी रस्ता तुझा."

"पुरा?"

"पुरा."

शर्यतीच्या दिवशी खरंच ट्रक बंद. सकाळपासून सगळे गावाबाहेर लायनीत उभे. मी ह्या रस्त्यावर इतकी वर्षं बसते, पन असं शांत कधी ऐकलं नव्हतं. सागाचं पान पडलं तरी आवाज येये. एक कुत्रं तर बेशरमासारखं मधोमध झोपलं होतं. मले त्याले हाकलावंसं वाटलं नाई. म्हनलं, झोप बाबा, तुले तरी कधी भेटन.

पोरींच्या मागं एक पिकअप ठेवली होती, कोनी पडलं-झडलं तर उचलाले. ती गाडी माझ्या बहिनीच्या पोराची, विक्कीची. विक्की आता दोन लेकरांचा बाप आहे, पन अक्कल अजून यायचीच आहे. त्या एवढ्याशा पिकअपले त्यानं ट्रकचा हॉर्न बसवला आहे. शौक म्हने! मी आन शफीभाऊ त्याच्या बाजूले बसलो. शफीभाऊच्या मांडीवर जास्तीचं चाक. कनीजनं नवस बोलला होता म्हने, हे त्यानं मले गाडीत सांगितलं. म्हनजे नळाचं बोलनं वरवरचं होतं.

शिट्टी वाजली. चंद्रपूरच्या, भद्रावतीच्या पोरी पयलेच पुढं गेल्या. त्यांच्या सायकली चकाकत होत्या, डोक्यावर रंगीत टोप. आमची पोट्टी सहावी का सातवी. मी म्हनलं, गेलं. शफीभाऊ म्हनला, "रुको भाभी. चढाव आने दो."

चढाव आला. आन मंग पाहत राहावं! एक मागं पडली. दुसरी मागं पडली. दिव्यानीची वेनी पाठीवर हालून राह्यली होती, तेवढीच हालत होती, बाकी आंग गच्च. शफीभाऊ मांडीवरचं चाक थापटत होता. "खींच बेटा, खींच!" मी देवाचं नाव घेत होती का शिव्या देत होती मले आठवत नाई. वरच्या मोडाजवळ तिनं भद्रावतीच्या पोरीले गाठलं. दोघी बरोबरीनं. आन मंग ही पुढं. सगळ्यांच्या पुढं! रस्त्यावर तिच्यापुढं कोनीच नव्हतं. मोकळा काळा रस्ता, दोन्ही बाजूले साग, आन मधात माझी लेक. गोपाल, पाह्य रे, म्हनलं. रस्ता आपला आहे.

माथ्यावरून पलीकडं उतारच होता, उताराच्या खाली पांढरी रेघ. आता फक्त सायकल उतारावर मोकळी सोडायची होती.

आन विक्कीनं हॉर्न वाजवला.

खुशीत वाजवला त्यानं. आपली बहीन पुढं आहे म्हनून वाजवला. लांबचा लांब, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा. खोटं काऊन बोलू, मलेही तो त्या घडीले गोड लागला. एक श्वास घेते न मानूस, तेवढा वेळ.

भद्रावतीच्या पोरीनं मान फिरवूनही पाह्यलं नाई. तिच्या मागच्या पोरीनंही नाई. आन माझी पोट्टी रस्त्याच्या खाली उतरली.

इचार करून नाई उतरली. तिचं आंगच उतरलं. ट्रकांनी आमच्या रस्त्याची कड खाऊन टाकली आहे, डांबर आन मुरूम ह्यांच्यात वीतभर खड्डा. तेवढं पातळ चाक त्या खड्ड्यात गेलं आन ती हँडलवरून पुढं फेकली गेली. ती उठली. गुडघा फुटला होता. तिनं आधी मागं पाह्यलं, ट्रक कुठी गेला म्हनून. मले ते तिचं पाहनं अजून दिसते. मंग तिनं रस्त्यावर पाह्यलं. पोरी जाऊन राह्यल्या होत्या.

शफीभाऊ चाक घेऊन धावला. ज्या मानसाले मी डोळे मिटून चाक बसवतानी पाह्यलं, त्याच्याच हातून नट दोनदा मुरमात पडला. चाक बसलं. दिव्यानी बसली, गेली. पाचवी आली.

तिथी होस्टेलचे एक साहेब होते. चांगला मानूस, वाईट नव्हता. त्यांनी तिच्या गुडघ्यावर स्वतः औषध लावलं आन इचारलं, "बाळा, रस्ता तर पूर्ण बंद होता. मग तू खाली का उतरलीस?"

"हॉर्न वाजला जी," ती म्हनली.

"अगं, तो तर तुझ्या कौतुकाचा होता."

"हॉर्न तर हॉर्नच असते न जी."

शफीभाऊ हात जोडून म्हनला, साहेब, पुढच्या वर्षी? साहेबानं कागद पाह्यला आन मान हालवली. वय. तिले एक पान्याची बाटली बक्षीस भेटली. टाळ्याही झाल्या.

विक्की गाडीच्या मागं बसून हमसून हमसून रडत होता. मी त्याच्या मुस्काटात मारावं म्हनून गेली होती. त्याचं तोंड पाह्यलं आन हात उठेना. काय म्हनून मारू? त्यानं खुशी केली. आमच्याकडं खुशीलेही तोच आवाज आहे आन मरनालेही तोच, ह्यात त्याचा काय दोष? मंग मारू कोनाले? स्वतःले? मी नसतं शिकवलं तर पोट्टी जिवंत नसती. शिकवलं म्हनून ती इथीच राह्यली. सांगा आता, आईनं काय कराले पाहिजे होतं. कोनी तरी सांगा न मले.

विक्की म्हनला, गाडीत बस, सोडतो. दिव्यानी नाई म्हनली. सायकल हातात धरून ती पायीच घाटातून घराकडं निघाली. मी तिच्या सोबत. शफीभाऊ मागं, दूर. ट्रक अजून सोडले नव्हते, रस्ता सकाळसारखाच रिकामा होता. तरी पोट्टी मुरमातूनच चालत होती.

"वर चाल न माय," मी म्हनलं. "काही नाई येऊन राह्यलं."

"ट्रक येतीन न आता," ती म्हनली.

आन आले. एकामागं एक, सकाळपासून अडकलेले, सगळ्यांले घाई. आम्ही दोघी झुडपाकडं तोंड करून उभ्या राह्यलो. लाल धूळ उडून राह्यली होती. ती रडत होती का नाई, मले दिसलं नाई. मी रडत होती.

रेसची सायकल तिनं शफीभाऊच्या दुकानात नेऊन दिली. त्यानं ती आढ्याले टांगून ठेवली. कनीज घरी येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. दिव्यानी आता माझ्यासोबत टपरीवर बसते. कांदे चिरते, ट्रकवाल्यांले पोहे देते. पाय अजून तसेच आहेत, गच्च. मले तिच्या पायांकडं पाहवत नाई.

ह्या महिन्यात रंजीताले सरकारी सायकल भेटली. लहानी ती, तिले काय, नाचत घरी आली. मी म्हनलं, आपल्याच्यानं आता काही होत नाई. शिकन तेव्हा शिकन. सकाळी मी टपरीत पोहे परतत होती, आन मागच्या मोकळ्या जागेतून आवाज आला.

पोंऽऽ!

माझ्या हातातला झारा तसाच राह्यला. मी मागं जाऊन पाह्यलं. रंजीता सायकलवरून धडपडत मुरमात उतरून राह्यली होती. दिव्यानी तिच्या मागं उभी होती, जिथी मी उभी राहो तिथीच.

"उशीर केला," ती लहानीले म्हनली. "मेलीस. पुन्हा."